खुर्चीचं माप कोण घेणार?

व्हीलचेअर वाटपाचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मांडवात रांगेनं मांडलेल्या नव्याकोऱ्या खुर्च्या, हँडलवरचं प्लॅस्टिक अजून तसंच, बसलेल्या माणसाच्या गळ्यात हार आणि मागे पाहुण्यांची दाटी. फोटो पाहून बरं वाटतं. वाटायलाही हवं, कारण ज्याला चालता येत नाही त्याच्या दारात खुर्ची येणं ही काही साधी गोष्ट नाही. पण मी पडले फिजिओथेरपिस्ट. माझी नजर हारावर जात नाही, पायांवर जाते. पाय फूटरेस्टवर टेकलेत की लोंबकळताहेत? माणूस खुर्चीच्या मधोमध बसलाय की एका कुशीला कललाय? बाईचे हात चाकांपर्यंत पोचतात तरी का? आणि मग मला त्या फोटोकडे पाहवत नाही.

मैत्रिणींनो, दुसरीच्या मापाचा ब्लाऊज आपण एका हळदीकुंकवापुरतासुद्धा घालत नाही. खांद्यावरून उतरला, काखेत काचला की लगेच शिंप्याकडे जातो. चप्पल एक नंबर मोठी निघाली तर दुकानदाराशी भांडतो. मग जी वस्तू दिवसाचे दहा-बारा तास अंगाला चिकटून राहणार, तिचं माप कुणी घ्यायचं?

आमचं कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी. भगवतीमातेचं देऊळ ही गावाची खूण. चहूकडे ऊस. लोणी अगदी जवळ. तिथे मोठं इस्पितळ आहे, मेडिकल कॉलेज आहे, फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे. म्हणजे आमचं गाव काही आडवळणाचं नाही. तरीही इथल्या वस्त्यांवर फिरताना गोठ्यात, ओसरीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली पडलेल्या व्हीलचेअर मी पाहिल्या आहेत. कुणावर पेंडीची पोती, कुणावर वाळत घातलेल्या गोधड्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘‘नाही सोसली ओ त्यांना खुर्ची.’’

त्यातल्याच एका खुर्चीची ही गोष्ट. मळ्यात राहणाऱ्या एक वहिनी, पस्तिशीच्या आतल्या. माळ्यावरून कडबा काढताना पडल्या, मणक्याला मार बसला आणि कमरेखालची ताकद गेली, संवेदनाही गेली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. वर्षभरानं एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली. सीटची रुंदी अठरा इंच. वहिनी मुळात अंगानं बारीक, त्यात आजारानं वाळलेल्या. बसल्यावर कमरेचं माप भरलं तेरा इंच. दोन्ही बाजूंना मिळून पाच इंच जागा मोकळी! त्या जागेत कधी उशी, कधी घडी केलेलं लुगडं कोंबायचं. सीट म्हणजे रेक्झिनची नुसती झोळी, वर गादी नाही. हात चाकांवर ठेवायचे तर कोपर पंखासारखे बाहेर काढावे लागायचे, त्यामुळे स्वतः ढकलणं जमेना. मग ढकलायला कोण? थोरली मुलगी. तेव्हा ती सातवीत होती. आधी आठवड्यातून एखादा दिवस शाळा बुडायची, पुढे एखाद्या दिवशीच भरायला लागली.

तिसऱ्या महिन्यात बैठकीच्या हाडाखाली लाल डाग उठला. वहिनींना पत्ताच नाही, कारण तिथे त्यांना काही जाणवतच नव्हतं. सासूबाईंना वास आला तेव्हा घरात कळलं. तोवर आत पोकळी झाली होती. त्यानंतर सात महिने त्या पालथ्या पडून होत्या. ताप, ड्रेसिंग, अँटिबायोटिक, पुन्हा ताप. दोन म्हशी विकल्या गेल्या. आणि घरच्यांनी निष्कर्ष काढला तो हाच, की हिला खुर्ची सोसत नाही.

खुर्ची न सोसणं म्हणजे काय, ते एकदा समजून घ्यायला हवं. आपण आता हे वाचतानासुद्धा नकळत चार वेळा कूस बदलली असेल. हाडाखालची कातडी दबते, रक्त पोचत नाही, मुंग्या येतात आणि आपण हलतो. ज्याची संवेदना गेली त्याला मुंग्याच येत नाहीत. तो तासन् तास तसाच बसतो. रक्त न मिळालेली कातडी मरते, आणि ही जखम वरून रुपयाएवढी दिसली तरी आत वाटीएवढी असू शकते. तिच्यातून जंतू रक्तात गेले की माणूस जातो. म्हातारी माणसं ‘अंथरुणाला पाठ लागली’ म्हणतात, ते हेच.

एके काळी मणक्याला इजा झालेले बहुतेक लोक असेच जात. जर्मनीतून इंग्लंडला आश्रयाला आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, स्टोक मँडेव्हिल इथे अशा जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायची हा त्यांचा दंडक. कधी कधी ते स्वतः रात्री तपासायला यायचे म्हणे. औषधापेक्षा या शिस्तीनं माणसं जगली. पुढे त्याच अंगणात सैनिकांच्या खेळांच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि त्यातून पॅरालिम्पिक उभं राहिलं. हे सगळ्यांना माहीत असतं; कूस बदलण्याचं मात्र कुणी सांगत नाही.

आणि आपल्याकडे सर्रास दिसणारी ती घडीची खुर्ची? तिचा मूळ नमुना १९३३ चा, अमेरिकेतला. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे खाणीतल्या अपघातात अपंग झालेले इंजिनियर आणि त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी मोटारीत घालता यावी म्हणून घडीची खुर्ची बनवली. उत्तम शोध. पण पुढे त्याच धर्तीची, एकाच मापाची, इस्पितळात पेशंटला एक्सरेपर्यंत नेण्यासाठीची खुर्ची निघाली आणि तीच घरोघर पोचली. रिक्षा स्टँडवर उभी असते तशी ती खुर्ची. कुणीही बसावं, दहा मिनिटांत उतरावं. तिच्यात कुणी संसार करायचा नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये गरीब देशांतल्या व्हीलचेअर सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खुर्ची माणसाच्या गरजेची हवी, तो राहतो त्या जागेला चालणारी हवी, मापाची हवी, टिकाऊ हवी, आणि मोडली तर तिथल्या तिथे दुरुस्त होणारी हवी. २०१२ मध्ये त्यांनी हे शिकवायचा प्राथमिक अभ्यासक्रमच तयार केला. साधारण पाच दिवसांचा. पुढच्याच वर्षी मधल्या पातळीचा आला. ज्यांना नीट बसण्यासाठी जास्तीचा आधार लागतो, उदाहरणार्थ सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, त्यांच्यासाठी. बंगळुरूची मोबिलिटी इंडिया ही संस्था आपल्या देशात या प्रकारचं प्रशिक्षण देणाऱ्यांपैकी एक. या अभ्यासक्रमातली मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे तो डॉक्टरांपुरता ठेवलेला नाही. गावपातळीवर काम करणारी व्यक्तीही शिकू शकते, असं गृहीत धरून तो लिहिला आहे. पाच दिवसांत काय होणार, असं काही डॉक्टरमित्र म्हणतात. मी म्हणते, एका दिवसाच्या वाटपात जे होतं त्यापेक्षा बरंच काही.

आम्ही तिघी-चौघींनी हा धडा आमच्या भागात देऊन पाहायचं ठरवलं. सुट्टीत शाळेचा एक वर्ग मागून घेतला. आल्या कोण? आशाताई, अंगणवाडी सेविका, एक नर्सबाई, दोन फिजिओच्या मुली आणि एक आरोग्यसेवक दादा. बाकांऐवजी सपाट लाकडी स्टूल, शिंप्याच्या टेपा, जाड पुस्तकं आणि मधोमध चार जुन्या खुर्च्या, त्यात वहिनींची ती गोठ्यातली सुद्धा.

पहिला दिवस नुसता बसण्यात गेला! हसू नका. आपण बसतो कशावर हेच माहीत नसतं. हाताच्या पंजावर बसून बघा, दोन टोकदार हाडं लागतील. सगळा भार तिथे. आता मागे रेलून पुढे घसरा. भार माकडहाडावर आला. सीट खोलीला जास्त असली की माणूस असाच घसरतो. फूटरेस्ट फार वर असेल तर गुडघे उचलले जातात आणि मांड्यांवर वाटला जाणारा भार पुन्हा त्या दोन हाडांवर येतो. फार खाली असेल तर पाय ओढले जाऊन माणूस पुढे सरकतो. एवढं समजलं की मापं पाठ करावी लागत नाहीत.

मापं तरी किती? बसल्यावर कमरेची रुंदी, तीच सीटची रुंदी. कमरेच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची लांबी, त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा, ती सीटची खोली. दोन्ही पायांचं वेगळं मोजायचं, कारण पाय सारखे असतीलच असं नाही. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, म्हणजे फूटरेस्टची उंची. आणि पाठीसाठी बरगड्यांचं खालचं टोक किंवा खांद्याच्या पात्याचं खालचं टोक. स्वतः चाकं ढकलणाऱ्या माणसाची पाती मोकळी राहिली पाहिजेत, नाहीतर हात मागे जाणार कसे?

आमच्यातल्या एक आशाताई घरी ब्लाऊज शिवतात. त्यांची मापं पहिल्या फेरीत सगळ्यांपेक्षा अचूक आली, फिजिओच्या मुलींपेक्षाही. ‘‘ताई, टेप ढिली धरली की खोटं बोलती,’’ हे त्यांचं वाक्य पुढे पाचही दिवस वर्गात फिरत होतं.

मग हातानं दाब तपासणं आलं. माणूस खुर्चीत बसलेला असताना त्याच्या बैठकीच्या हाडाखाली, गादीच्या वर, आपली बोटं सरकवायची. बोटांची टोकं थोडी वर-खाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण सहज निघतात, तर सावध. चेपून बसली, ओढून काढावी लागली, तर ती गादी त्या माणसासाठी घातक. यंत्र नाही, वीज नाही, फक्त आपला हात. पण वर्गात एकदम शांतता! कुणाच्या बुडाखाली हात घालायचा म्हणजे काय... आशाताई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, दादा खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या हसण्यातच एक गंभीर गोष्ट दडली होती. शिबिरात माप घेणारा बहुधा पुरुष, भोवती शंभर माणसं. कुठली बाई तिथे मांडीला टेप लावू देईल? ती अंग चोरून बसते, ‘चांगली आहे खुर्ची’ म्हणते आणि घेऊन जाते. पुरुषाची निदान नजरेनं तरी बेतली जाते. बाईची ‘एक व्हीलचेअर’ होते. जखम झाली तरी ती कुणाला दाखवायची, हा तिच्यापुढे प्रश्न. म्हणून मला वाटतं, माप घेणारी बाई हवी, आणि ती ओळखीची, घरात येणारी हवी. अशी बाई प्रत्येक गावात आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातूनच आशाताई आपल्या दारात पोचली. बाळंतिणीची विचारपूस ती करते, तर हेही करू शकेल. अर्थात तिची हद्दही तिला शिकवावी लागते. आधाराशिवाय ताठ बसता न येणारं मूल, वाकलेला मणका, आधीच झालेली खोल जखम, असं काही दिसलं तर माप घेत बसायचं नाही. सरळ लोणीला पाठवायचं.

चौथ्या दिवशी वहिनी आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून आणलं. जखम भरून आली होती, पण खुर्चीचं नाव काढलं की चेहरा उतरायचा. ब्लाऊजवाल्या आशाताईंनी पडद्याआड माप घेतलं. चौदा इंची सीटची खुर्ची आम्ही देणगीतून मिळवून ठेवली होती. पाय ठेवायची पट्टी दोन इंच वर घेतली. हात ठेवायचे दांडे काढता येणारे. कारण ते पक्के असतील तर खुर्चीतून खाटेवर सरकायला प्रत्येक वेळी दुसऱ्यानं उचलावं लागतं. गादी इथेच बनवली: खाली कडक फोम, बैठकीच्या हाडांच्या जागी खोलगट कापलेला, वर मऊ फोम आणि धुता येईल असं कव्हर. गावातल्या मोटारसायकलच्या सीटा शिवणाऱ्या कारागिरानं एका संध्याकाळी दिली करून. हात चाकाच्या माथ्यावर ठेवल्यावर कोपर जवळजवळ काटकोनात आला. बोटं सरकवून पाहिली, टोकं हलत होती.

वहिनींनी चाक फिरवलं. वर्गाच्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. काही बोलल्या नाहीत. पुन्हा एकदा जाऊन आल्या.

इथे टाळ्या वाजवून लेख संपवता आला असता, पण खुर्ची देऊन काम संपत नाही, उलट तिथून सुरू होतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे झुकून किंवा हातांवर अंग उचलून बैठक मोकळी करायची, हे अंगवळणी पडायला हवं. वहिनींनी युक्ती काढली: टीव्हीवर जाहिराती लागल्या की झुकायचं. रोज रात्री आरशात बैठक बघायची. लाल डाग दिसला तर तो जाईपर्यंत बसायचं नाही. आरसा मुलगी धरते.

आणि शौचालय! सरकारी अनुदानातून बांधलेलं, दार दोन फुटी. जुन्या खुर्चीची बाहेरची रुंदी सव्वीस इंच, म्हणजे ती दारातून जाणं शक्यच नव्हतं. चार वर्षं वहिनींचं सगळं खाटेवर. म्हणून त्या दिवसभर पाणी कमी प्यायच्या, संध्याकाळी जेवायच्या नाहीत, आणि लघवीचा जंतुसंसर्ग पाठ सोडत नव्हता. बाईच्या आजारामागे किती वेळा असं एखादं दार असतं! नव्या खुर्चीची रुंदी बावीस इंच भरली. बिजागरी काढून दार उतरवलं, जाड पडदा लावला, उंबरा फोडून उतार केला. आत मधोमध भोक पाडलेली खुर्ची ठेवली. सासूबाईंनी आधी पडद्याला नाक मुरडलं; आता गुडघे दुखतात म्हणून त्याही तीच खुर्ची वापरतात.

मळ्यातला रस्ता मात्र अजून हरवतो. पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला अशी धरते की पुढची छोटी चाकं रुतलीच समजा. खेड्यासाठी लांब बांध्याची, पुढे एकच मोठं चाक असलेली तीनचाकी व्हीलचेअर असते. ती अशा रस्त्यावर उलटत नाही, रुतत नाही. पण तिला वळायला जागा लागते, स्वयंपाकघरात ती अडते. घर की शिवार, एकाची निवड करावी लागते, आणि ती ज्याची त्यानं करायची. वहिनींनी स्वयंपाकघर निवडलं. पंक्चर काढणाऱ्या पोराला आम्ही चाकं दाखवून ठेवली आहेत. सायकलीचं काम येणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ पुष्कळजणींनी वाचलं असेल. कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ उभं करणाऱ्या नसीमादीदींमुळे मराठी घरांत खुर्चीतल्या बाईकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पण दृष्टी बदलली तरी माप घेणारे हात वाढावे लागतात. योजना आपल्याकडे कमी नाहीत. केंद्राची उपकरणं देणारी योजना १९८१ पासूनची आहे, कानपूरचा सरकारी कारखाना त्याआधीचा, १९७२ चा. ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये वयोश्री योजना आली. २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून तीन हजार रुपये थेट खात्यात द्यायचं ठरवलं. पैसे खात्यात जातात हे चांगलंच. पण तीन हजार रुपये घेऊन दुकानात गेलेल्या आजोबांना दुकानदार अठरा इंचीच काढून देणार, कारण त्याच्याकडे तीच आहे.

थोरली मुलगी पुन्हा शाळेत जाते. दोन वर्षं मागे पडली, वर्गात सगळ्यांत उंच दिसते म्हणून कुरकुरते.

ब्लाऊजवाल्या आशाताईंनी त्यानंतर आपल्या भागातल्या नऊ घरी जाऊन मापं घेतली. दोन ठिकाणी नुसती फूटरेस्ट वर घेऊन आणि गादी बदलून भागलं. एका आजोबांना लोणीला पाठवलं, हाताला बोटं न हलल्यामुळे. परवा वही घेऊन घरी आल्या. नऊ नावं, नऊ मापं, समोर तारखा. म्हणाल्या, ‘‘मॅडम, लसीकरणाचं रजिस्टर आहे, बाळंतपणाचं आहे, टीबीचं आहे. प्रत्येकाचा मोबदला ठरलाय. हे कुठल्या रजिस्टरला लिहू?’’

तालुक्याच्या कार्यालयात विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही. सध्या ती वही माझ्याकडे आहे.